इस्माईलभाईंचा मलागातला मुक्काम

सायरन वाजला की आम्ही सगळे गॅस मास्क शोधायचो आणि इस्माईलभाई चष्मा. चष्म्याशिवाय त्यांना भिंतीवरचा मलागाचा नकाशा दिसत नसे ना!

इस्माईलभाई आखातातल्या हफ्र अल बातिनच्या आमच्या कंपनी-कॅम्पातले स्टोअरकीपर. गाव दाभोळ, आणि माझ्या नशिबी खोलीसोबती. आपल्या गावाचा हा नकाशा त्यांना एका स्पॅनिश इंजिनिअरनं दिला होता, आखाती लढाईची चाहूल लागताच मायदेशी पळताना. तेव्हापासून भाईंनी ठरवून टाकलं, पुढच्या सुट्टीत बायकोला घेऊन मलागा! उतरायचं कुठल्या मोहल्ल्यात, एवढंच ठरायचं होतं.

डोक्यावरून मिसाइलं जाताहेत आणि हा माणूस मोहल्ले नापास करतोय! जुनं शहर? "फार वर्दळ. खलास!" बंदराशेजारचं मालागेता? "बंदर म्हटलं की बोट आली, बोट म्हटली की आपला एखादा कोकणी खलाशी आला. तो मला ओळखणार. खलास!"

अर्ध्या कॅम्पानं गाशा गुंडाळला. मी म्हटलं, "भाई, आपणही निघू या."

"त्या मिसाइलला जाऊन सांग, इस्माईल हलत नाय! नोकरी सोडली तर मलागा कसलं?"

एकदा गॅसच्या भीतीनं आम्ही खिडक्यांना प्लास्टिक चिकटवत होतो. एका फटीला ते कमी पडलं, म्हणून मी नकाशा उतरवला. भाई अंगावरच आले.

"हात लावशील तर याद राख!"

माझंही डोकं फिरलं. "अहो, जीव जाईल! असं आहे तरी काय त्या गावात?"

भाई खाटेवर बसले. नकाशा मांडीवर घेऊन त्यांनी समुद्राकाठी बोट टेकवलं. "पेद्रेगालेखो. कोळ्यांचा मोहल्ला. तिथं वाळूतच मासे भाजून हातात देतात. आणि ओळखीचं कुणी नाय."

"मासे काय दाभोळात मिळत नाहीत?"

"मिळतात रे. पण मी सुट्टीवर गेलो की सगळा गाव भेटायला. कुणाचं पार्सल, कुणाला व्हिसा. आणि तुझी भाभी सुट्टीभर चुलीपुढं, साऱ्या गावाचे मासे तळत. निकाह झाल्यापासून एकदाही माझ्यासमोर बसून गरम घास खाल्ला नाय बघ तिनं."

मी नकाशा परत भिंतीवर लावला, माझी चांगली चादर फाडून फटीत कोंबली.

तेवढ्यात सायरन वाजला. मास्क राहिला बाजूला, मी आधी भाईंचा चष्मा शोधायला लागलो.