सुभेदारकाकांची सात घरटी

सुभेदारकाकांच्या डब्याला न विचारता हात लावू नये. स्टीलचा तीन पुडांचा डबा. वरच्या पुडात भाकरी, मधल्यात पिठलं, आणि सगळ्यात खालच्या पुडात लांडग्याची विष्ठा. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात भुकेच्या तिरमिरीत मी नेमका तो खालचा पूड उघडला. काका शांतपणे म्हणाले, "ताईसाहेब, त्यो मजला फिल्डचा. तुमचा मजला वरचा." आणि लगेच, "उघडलाच हाय तर केस बघा त्यातले. सशाचे हायती."

सुभेदार कचरू रोहोकले, वय पंचावन्न. सैन्यात असतानाच बाहेरून बी.एस्सी. केली, निवृत्तीनंतर भिंगारला घर बांधलं आणि नगरच्या आमच्या कॉलेजात परिसंस्था आणि वन्यजीव संवर्धन शिकायला येऊन बसले. पहिल्या दिवशी विभागप्रमुख वर्गात आले तेव्हा काकांनी उठून कडक सॅल्यूट ठोकला. सर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते इतके गडबडले की त्यांनीही सॅल्यूट केला, तोही खडू धरलेल्या हातानं. कपाळावर पांढरी रेघ घेऊन त्यांनी तासभर अन्नसाखळी शिकवली.

आमच्या अभ्यासात माळावर एक सरळ रेषा आखून घेतात आणि तिच्यावरून चालत दोन्ही बाजूंचे पक्षी मोजतात. समोर बोरीचं झुडूप आलं की आम्ही वळसा घालतो. काका आरपार जातात. "रेषा म्हंजे रेषा." एकदा रेषेवर मेंढरांचा कळप बसला होता. काका मेंढरांमधून गेले, मेंढपाळाला राम राम घातला तोही मान न वळवता, आणि वहीत लिहिलं: 'मेंढ्या. अडथळा. मैत्रीपूर्ण.'

ती वही म्हणजे त्यांचा जीव. "नोंद झाली का?" हा प्रश्न ते पाखरांबद्दल विचारतात, चहाबद्दल विचारतात आणि कँटीनवाल्यानं शिळे वडे दिले तर त्याबद्दलही विचारतात.

आता माझी चूक सांगते. आमच्या पर्यावरण गटाची पत्रकं मी लिहिते. कॉलेजनं भिंगारच्या पलीकडच्या आपल्या माळावर झाडं लावायचं ठरवलं. मे महिन्यात खड्डे, जूनमध्ये रोपं. मी दणक्यात पत्रक काढलं, 'उजाड माळ हिरवा करू या!' दुसऱ्या दिवशी ते माझ्या बाकावर परत आलं. 'उजाड' या शब्दाभोवती लाल गोल.

"ताईसाहेब, उजाड हाय ह्ये कुनी बघितलं?"

"दिसतंच की, काका."

"चला. दावतो."

माळावर दहा मिनिटं चाललो असू. काका एकदम ओरडले, "थांबा! पाय खाली टेकू नका!" मी एका पायावर. खाली, बोडक्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची दोन अंडी. ना काडी, ना गवत, ना भिंत. धाविक नावाच्या पक्ष्याचं हे घरटं. पलीकडे तो स्वतः होता. पळाला, थांबला, ताठ उभा राहिला. पुन्हा पळाला, थांबला, ताठ.

"ट्रेनिंग हाय त्याला," काका अभिमानानं म्हणाले. "झाडं आली की ह्यो जानार. त्याला समोरचं लांबवर दिसाया लागतं."

मी भयंकर चिडले. आधी स्वतःवर, मग सोयीस्करपणे सरकारवर. असल्या जमिनीला सातबाऱ्यावर 'पडीक' म्हणतात. म्हणणाऱ्यानं एकदा इथं उन्हात उकिडवं बसून बघावं! मी नवं पत्रक लिहिलं, सरांकडे गेले, तावातावानं बोलले. सर म्हणाले, "खड्ड्यांचं ठरलंय. घरटी कुठं आहेत ते दाखवा, तेवढी सोडून खणू."

काकांनी सात घरटी हुडकली. आणि मग त्यांनी ते केलं, जे तीस वर्षं छावणीत काढलेला माणूसच करू शकतो. छावणीत जे हलत नाही त्याला चुना फासतात. झाडांचे बुंधे, कुंपणाचे खांब, वाटेकडेचे दगड. काकांनी चुन्याची बादली आणली, दगड रंगवले आणि प्रत्येक घरट्याभोवती एकसारख्या अंतरावर पांढरं कडं मांडलं. माळ परेडला उभा असल्यासारखा दिसत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकले.

सोमवारी मजूर आले, कडी बघून वळसा घालून खणू लागले. एकाही घरट्याला धक्का लागला नाही. गुरुवारी आम्ही मोजायला गेलो, तर सातांपैकी पाच कडी रिकामी. आत टरफलं, आणि जवळच्या कडुलिंबावर कावळे. आम्ही त्यांना जेवणाची पानंच मांडून दिली होती.

काका वही काढून लिहायला बसले. मी मात्र तिथंच मोबाईलवर मजकूर लिहायला घेतला, 'खड्ड्यांनी घेतला पाच घरट्यांचा बळी.' त्यांना वाचून दाखवला.

"खोटं हाय ह्ये."

"काका, यानं काम उद्या बंद पडेल! उरलेली दोन वाचतील."

"पडंल बंद. पन नोंद चुकंल."

ते तसेच सरांच्या केबिनमध्ये गेले. सॅल्यूट केला आणि वही उघडून टेबलावर ठेवली. सरांच्या खांद्यावरून मी वाचलं: 'पाच घरटी नष्ट. अंडी खाल्ली कावळ्यांनी. कावळ्यांना वाट दाखवली सुभेदार क. रोहोकले यांनी.'

सरांनी नोंद दोनदा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे खूण केली तर कावळे खाणार, आणि नाही केली तर मजुरांचा पाय पडणार."

"व्हय, सर."

"मग यंदा खणताच येणार नाही."

"न्हाई येनार, सर."

दोन तास भाषण करून मला जे जमलं नव्हतं ते दीड ओळीत झालं. यंदापुरतं. पुढच्या मे महिन्याचं भांडण शिल्लक आहे आणि मी तयार आहे.

काकांनी सगळे दगड नारळाच्या शेंडीनं घासले आणि जो जिथून उचलला होता त्याच खळग्यात परत नेऊन ठेवला. त्यानंतर ते रोज सकाळी लांबच्या एका खडकावर छत्री घेऊन बसायला लागले. उरलेल्या दोन घरट्यांतलं एक तिथून दुर्बिणीत दिसायचं. बाराव्या दिवशी मी म्हणाले, "काका, रोज काय बसता? अंडी काय पळून जाणारेत?"

दुर्बीण डोळ्यांवरून न काढता ते म्हणाले, "दोन पोरी हायती मला. दोघींच्या टायमाला मी बॉर्डरवर. थोरली पयल्यांदा बघितली ती रांगतानाच. धाकटी तर मला बघून रडली." मग डबा माझ्याकडे सरकवला. "वरचा मजला. खावा."

पंधराव्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. काका खडकाशेजारी ताठ उभे होते, छत्री खाली पडलेली. मी दुर्बीण मागितली, त्यांनी दिली नाही. वही तेवढी पुढे केली. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं.

'दोन पिल्लं. निरीक्षक हजर.'