बाब्याच्या वाढदिवसाचा केक

केकवर मला काहीही करता येतं, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या कामतघर वस्तीतल्या एका लूमवाल्या शेठला मी केकवर अख्खा पॉवरलूम उभा करून दिलाय. त्यातून निघालेलं साखरेचं कापड पार ताटाच्या कडेपर्यंत लोळत होतं, आणि शेठनी खाण्याआधी ते दोन बोटांत धरून पोत तपासला होता. एका ट्रान्सपोर्टवाल्याला ट्रक करून दिला, तर त्यानं मागच्या फळीवर नंबर का नाही म्हणून विचारलं. तेव्हा हात माझा चांगला आहे, यात वाद नाही. वाद होता तो घरात.

घरात आम्ही तिघंच. मी नीला, माझा नवरा अनय आणि माझ्या सासूबाई. अनय वडप्याच्या एका गोदामात हिशेब बघतो. केकचा उद्योग मी सुरू केल्यापासून फ्रिजमधून आईंची भाजी बाहेर आली आणि क्रीम आत गेलं. ओट्यावर केक फिरवायची चकती बसली, त्यामुळे आई पोळ्या खाली बसून लाटायला लागल्या. त्या बोलत काही नव्हत्या, पण लाटणं जरा जोरात वाजायचं. त्यातच अनयच्या गोदामात बिलं करायला बाईमाणूस हवं होतं आणि त्यानं माझं नाव सुचवून ठेवलं होतं. सोमवारी मी होय की नाही ते सांगायचं होतं. मी घरात जाहीर केलं की त्याआधी मला एक मोठी गावाकडची ऑर्डर मिळणार, आणि मग सगळ्या तालुक्यात माझं नाव होणार. आई म्हणाल्या, बरं.

आणि खरंच फोन आला.

खारबावहून पंढरीशेठ बोलत होते. लूमवाल्या शेठकडचा केक त्यांनी खाल्ला होता. आवाजावरून साठीचे वाटले. आमच्या गल्लीत लूमचा खडखडाट अखंड चालू असतो, त्यामुळे मी एका कानात बोट घालून ऐकत होते.

"रविवारी आमचे बाब्याचा बड्डे हाय," ते म्हणाले. "सगला गाव येनार. केक असा पायजे का लोकांनी नाव घेतला पायजे."

कितवा वाढदिवस, म्हणून मी विचारलं.

"आता चार दाती झाला बघ."

चार दात म्हणजे वर्षाचं बाळ. माझी भाची ईरा वर्षाची झाली तेव्हा तिला बरोब्बर चार दात होते आणि त्या चारांनी ती माझं बोट सोडत नव्हती. आजोबांना तारखेपेक्षा नातवाचे दात लक्षात राहतात, याचं मला कौतुकच वाटलं. मी पुढचं सगळं नीट विचारून घेतलं. अंडं चालतं का? तर रोज दुधातून अंडी देतो म्हणाले. मोठ्या घरची खाणी, मी म्हटलं. दिसायला कसा आहे? पांढराफेक, आणि कपाळावर काळा टिकला. तीट लावतात तर, म्हणजे जुन्या वळणाचं घर. चालतो का? यावर पंढरीशेठ जरा दुखावले.

"चालतो? जाम पलतो. मैदानात सोडला का कोनाला आयकत न्हाय."

वर्षाचं पोर मैदानात पळतं, हे मला थोडं जास्त वाटलं, पण नातवाच्या बाबतीत कुठला आजोबा कमी बोलतो? मी फोटो मागितला. त्यावर ते ठाम नाही म्हणाले. मागे एकदा फोटो सगळीकडे लावला होता, तर तिसऱ्या दिवशी तो लंगडायला लागला, तेव्हापासून त्यांच्या घरातून फोटो बाहेर जात नाही. मी म्हटलं, काही हरकत नाही, माझ्यावर सोडा. माझ्यावर सोडा हे वाक्य मी फार आत्मविश्वासानं म्हणते.

पुढचे दिवस मी झपाटल्यासारखं काम केलं. तीन मजली केक. सगळ्यात वर निळ्या दुपट्यावर बसलेलं गोरंपान, गुटगुटीत बाळ. कपाळाला तीट, गळ्यात लाळेरं, हसऱ्या तोंडात तांदळाएवढे चार दात. ते दात मी चिमट्यानं बसवले. शेजारी दुधाची बाटली, लोकरीच्या विणीचे दोन बूट, आणि मधोमध मोठी एक आकड्याची मेणबत्ती. खाली लिहिलं, "लाडक्या बाब्याला आशीर्वाद". आई येता जाता बघत होत्या. शनिवारी संध्याकाळी त्या केकसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, अगं, उचलून घ्यावंसं वाटतंय. लग्न झाल्यापासून मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

रविवारी अनयची ड्युटी होती, म्हणून मी एकटीच रिक्षानं निघाले. खोका मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेला. रस्त्यात खड्डे आहेत की खड्ड्यांत रस्ता, ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. प्रत्येक खड्ड्याला मी रिक्षावाल्याला "भैया, धीरे" म्हणत होते. शेवटी त्यानं आरशातून बघत विचारलं, "मॅडम, अंदर बच्चा है क्या?" मी म्हटलं, हो. त्यानंतर बिचाऱ्यानं रिक्षा अशी चालवली की मागच्या सायकलवाल्यानंही घंटी मारली.

पंढरीशेठच्या दारात मांडव, झालर, ताशा, खुर्च्यांच्या रांगा. कमानीवर एका पांढऱ्या बैलाचं भलंमोठं चित्र रंगवलं होतं. शर्यतीचा शौक असलेलं घर दिसतंय, मी मनात म्हटलं. खारबावच्या बाजूला अशी घरं पुष्कळ. पंढरीशेठच्या पत्नी काशीबाई पुढे आल्या, मला पाणी दिलं, खोका आतल्या खोलीत ठेवायला जागा करून दिली. मी कौतुकानं विचारलं, बाळ कुठंय, झोपलंय का?

"न्हाय गो," त्या म्हणाल्या. "आंघोल चाललीय त्याची. चार जण धरतान तवा उभा रहातो."

वर्षाच्या बाळाला आंघोळीला चार माणसं? मी खिडकीपाशी गेले. मागच्या अंगणात चार धिप्पाड माणसं एका पांढऱ्याशुभ्र बैलाला पाइपनं धूत होती. कपाळावर काळा ठिपका. पंढरीशेठ त्याच्या कानाच्या मागे साबण लावत होते आणि म्हणत होते, "बाब्या, मान खाली कर, माजे राजा."

मी खाली बसले. मग अनयला फोन लावला.

"बैल आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"बाळ."

अनयनं मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्यानं विचारलं, केक उघडलाय का? मी नाही म्हटलं. तर मागच्या दारानं निघून ये, असं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की मागच्या दारातच बैल आहे.

पळून जाण्याची सोय नाही म्हटल्यावर मी दुरुस्तीला लागले. पिशवीत चॉकलेटची थोडी साखरकणीक होती, केकवरच्या बाहुल्या वळतो ती. तिची दोन शिंगं वळली आणि बाळाच्या डोक्यावर बसवली. मला वाटलं होतं, जरा बैलाचा भास होईल. झालं भलतंच. लाळेरं बांधून, चार दात दाखवत हसणारा तो एक छोटा राक्षस दिसायला लागला. घाबरून मी शिंगं काढायला गेले, तर एक निघालं आणि दुसरं घट्ट बसलं. ओढलं असतं तर डोकंच आलं असतं. तेवढ्यात पाऊल वाजलं, मी घाईनं खोका झाकला आणि पंढरीशेठचा पुतण्या प्रितेश आत आला. चांगला तरणाताठा, दंडाला बैलाच्या तोंडाचं गोंदण. मला हातही लावू न देता त्यानं खोका उचलला आणि मांडवाकडे चालायला लागला. मी मागून पळत होते आणि थांबा म्हणत होते. त्याला वाटलं, सांभाळून न्या म्हणतेय. तो अजून ताठ चालायला लागला.

मांडवात सगळा गाव जमला होता. बाब्याला रेशमी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात हार. तो केकच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, ताशा थांबला आणि प्रितेशनं केकवरचा खोका काढला.

एकशिंगी बाळ सगळ्यांकडे बघून हसत होतं.

पंढरीशेठ पुढे आले, वाकून बघितलं, चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"यो कोन?"

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. ही नवी फॅशन आहे, मुंबईत असंच चालतं, असं काहीतरी ठोकून देता आलं असतं, आणि जिभेवर ते आलंही होतं. पण त्या माणसाचा चेहरा इतका साधा गोंधळलेला होता, की मला ते जमेना. सकाळपासून तो बैलाच्या कानामागे साबण लावत होता.

"शेठ, माझी चूक झाली," मी म्हटलं. "तुम्ही चार दात म्हणालात. मला वाटलं, तुमचा नातू आहे."

मागे कुठंतरी कोणी फसकन हसलं. मग रांगच्या रांग हसायला लागली. चार दाती म्हणजे तीन वर्षांचा तगडा बैल, हे मला एका आजीबाईंनी तिथल्या तिथे समजावून सांगितलं. एकानं विचारलं, बूट दोनच का, आमचा बाब्या चार पायांचा हाय. पंढरीशेठ मात्र हसत नव्हते. त्यांना गावात नाव हवं होतं, आणि गाव हसत होता. ते मान खाली घालून उभे राहिले. माझे डोळे भरून आले. गोदामातली ती बिलं मला समोर दिसायला लागली.

तेवढ्यात काशीबाई टेबलापाशी आल्या. केककडे बघत राहिल्या. मग साखरेच्या दुधाच्या बाटलीवर त्यांनी अलगद बोट ठेवलं.

"हिला कोनी सांगितला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

पंढरीशेठनी मान वर केली. काशीबाई गावाकडे वळल्या आणि हसणं आपोआप बंद झालं.

"याची आई याला टाकून गेली तवा यो दोन दिवसांचा व्हता," त्या म्हणाल्या. "बाटलीनं दूध पाजून वाढवलाय मी याला. रातभर मांडीवर घेऊन बसलीय. बाब्या नाव उगाच न्हाय ठेवला. हिनं केलाय तो बरोबर हाय. माजा पोर असाच व्हता."

पंढरीशेठनी परत चष्मा काढला. या वेळी पुसायला काचा नव्हत्या, डोळे होते. मग त्यांनी एकच्या मेणबत्तीवर बोट ठेवलं आणि प्रितेशला विचारलं, मागल्या महिन्यात शर्यतीला बाब्या कितवा आलता? प्रितेशनं ओरडून सांगितलं, पहिला! ताशेवाल्यानं जी थाप मारली, ती मेणबत्ती पेटेपर्यंत थांबली नाही. मी आपली मान डोलावत राहिले, जसं काही हे सगळं मला आधीच माहीत होतं. पण काशीबाईंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, त्यावरून त्यांना माझी सगळी हकिगत नीट कळली होती.

केक कापायचा राहिलाच. पंढरीशेठनी सुरी हातात घेतली, बाब्यानं मान पुढे केली आणि जिभेच्या एका फटक्यात बाळ, दुपटं, लाळेरं आणि उरलेलं शिंग साफ केलं. मग दुसऱ्या मजल्यावर उतरला. चार माणसं त्याला मागे ओढत होती आणि तो क्रीम लागलेल्या नाकानं सगळ्यांकडे असा बघत होता, की काशीबाईंनी पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याला अजून एक घास भरवला. खालचा मजला गावानं खाल्ला. त्या आजीबाईंनी दोनदा मागून घेतला.

त्या संध्याकाळी प्रितेशनं केक खाणाऱ्या बाब्याची चित्रफीत मोबाइलवर टाकली. काशीबाईंनी आधी बाब्याची मीठमोहरीनं दृष्ट काढली, मगच टाकू दिली. मी घरी पोचायच्या आत ती आमच्या चाळीत पोचली होती. आई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ती कोणाकोणाच्या मोबाइलवर सहा वेळा बघितली होती म्हणे. सगळं ऐकून त्या पोट धरून हसल्या, आणि सोमवारी सकाळी अनय डबा घेऊन निघाला तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं, की गोदामात दुसरी कोणी बघा म्हणावं, आमच्या सुनेला वेळ नाही. मला वेळ होता, पण मी काही बोलले नाही.

मंगळवारी वडप्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या चिमण्याचा वाढदिवस होता. गोरा आहे, गुटगुटीत आहे, खूप पळतो, सगळं त्यांनी सांगितलं. मी आता शहाणी झाले होते. गॅस बंद केला, खिडकी लावून घेतली आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "ताई, मनात काही धरू नका, पण चिमण्याला पाय किती?"

पलीकडून त्या हसू दाबत म्हणाल्या, "दोनच आहेत. पंढरीमामा बोललेच होते, आधी पाय विचारेल म्हणून."