मसाजीची कबड्डीची शिकवणी

तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला दहा दिवस उरले होते आणि गुरुजींनी रागिणीला बजावलं, "चाचणीत गणितात पास झालीस तरच संघात. नाहीतर नाव कापीन." चौथीतलं लेकरू रडत घरी आलं. झालं! तिचा बाप मसाजी पेटून उठला.

"रडू नको. मी शिकवतो तुला."

त्याच्या बायकोची, चांगुणाबाईची भाकर तव्यावरच राहिली. "तुमी? तुमी चौथीत तीन साल बसले व्हते ना?"

"म्हनूनच! माझ्याइतकी चौथी गावात कोन पाहिली हाय?"

मसाजी सत्त्याऐंशी साली बाळापूरच्या मैदानावर गाजलेला गडी. पोरीला कबड्डीचं वेड, तर गणितही कबड्डीतूनच शिकवू, असं त्याच्या डोक्यात आलं. त्या डोक्यात एरवी फारसं काही येत नसे, म्हणून जे आलं ते त्यानं घट्ट धरून ठेवलं. बकऱ्या बांधायच्या जागी राखेनं रेघ ओढून शिकवणी सुरू झाली.

"सातातून तीन गेले. किती राहिले?"

"चार."

"अगं येडे! आपन त्यांचा एक बाद केला की आपला बाद झालेला एक उठून परत आत येतो. आधी इचार, त्यांचे किती बाद झाले?"

रागिणीनं मान हलवली.

"सात अन् चार?"

"अक..." बापाचं तोंड बघून ती थांबली. "सात?"

"शाब्बास! मैदानात गडी सातच. बाकीचे चार बाहेर बसतीन."

चाचणी झाली आणि गुरुजींनी मसाजीला शाळेत बोलावलं. पेपरावर हा एवढा भोपळा!

"मसाजी, सात अधिक चार सात? आणि इथं तर पोरीनं मलाच विचारलंय, त्यांचे किती बाद झाले?"

"बराबर हाय की! तुमी कदी कबड्डी खेळले न्हाई का, गुरुजी?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि संघाच्या यादीत रागिणीच्या नावावर लाल पेन टेकवला. तेव्हा कुठं मसाजीनं पुढं होऊन त्यांचा हात धरला.

"थांबा, थांबा! मलाच येत न्हाई अन् मी शिकवून राहिलो. पोरीचं नाव कापू नका. लय तर मला बसवा चौथीत, चौथ्या साली!"

दारात उभी असलेली रागिणी आत आली. खडू घेऊन तिनं फळ्यावर झरझर लिहिलं. सात अधिक चार, अकरा. सात वजा तीन, चार.

"हे कुणी शिकवलं?" गुरुजींनी विचारलं.

"आईनं. सात बकऱ्या, चार पिल्लं. रोज सांजच्याला मीच मोजते."

"मग पेपरात असं का लिहिलंस?"

रागिणी पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिली. "आबा रोज घसा कोरडा करून शिकवत व्हते. बराबर लिवलं असतं तर त्यायला वाईट वाटलं असतं."

मसाजीला रडू आवरेना. त्यानं खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं.

"रागिणी संघात. पण मसाजी, इथून पुढं घरी गणित कोण शिकवणार?"

"तिची माय." मसाजी उठला, उंबरा ओलांडून बाहेर जाऊन बसला. "मी बाद, गुरुजी. आता समोरचा कोनी बाद झाला तरच उठन."