मोफत तपासणीचा शनिवार

दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्म्याच्या दुकानातली आत्या काउंटरवरचा कॉम्प्युटर उघडायची आणि आपल्या भाच्यासाठी मुली बघायची. डोळ्यांचे डॉक्टर, म्हणजे दुकानाचे मालक, त्या वेळी आतल्या खोलीत जरा आडवे झालेले असत. चष्मा करून नेलेल्या प्रत्येकाचं वय, पत्ता आणि फोन कॉम्प्युटरात होता. स्थळ बघायला माणसाला आणखी काय लागतं, असं आत्याचं मत होतं.

लोकांची वयं अशी तोंडपाठ असलेली आत्या स्वतःच्या वयाबाबत मात्र फार जपून असे. साठी झाली की काउंटर सोडायचं, असा डॉक्टरांचा नियम होता. त्यामुळे आत्या गेली कित्येक वर्षं छप्पन्नचीच होती. खरं वय बासष्ट. घरी बसले तर दिवसभर बोलायचं कुणाशी, भिंतींशी? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे चष्म्याच्या दुकानात हयात घालवूनही खरं ठरू शकतं.

त्या दिवशी तिला मनासारखी मुलगी सापडली. अठ्ठावीस वर्षांची, भाच्यासारखाच जाड भिंगाचा चष्मा, राहायला दोन गल्ल्या सोडून. फ्रेम निवडताना तिने कुणाचा जीव खाल्ला नव्हता, हेही आत्याला आठवत होतं. आत्याने फोन लावला.

"दुकानातून बोलतेय. तुमची मोफत तपासणी आहे, शनिवारी अकरा वाजता."

"मोफत?" मुलगी म्हणाली. "आमच्या कामावर एक-दोघांना डोळ्यांचा त्रास आहे. त्यांना आणलं तर चालेल?"

"आणा की. सगळ्यांना आणा," आत्या म्हणाली. जिभेला हाड नसतं ते असं.

शनिवारी डॉक्टर नवीन फ्रेमा आणायला बाहेर जायचे होते, म्हणून तर तो वार निवडला होता. ते गेले तसा भाचा आला. आत्याने त्याला डॉक्टरांच्या खुर्चीवर बसवलं, कारण तिथे उजेड चांगला पडतो, आणि त्याचा चष्मा काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

"अगं आत्या, मला काहीच दिसत नाही."

"तुला कशाला दिसायला हवंय? तिला तू दिसायला हवास. नाक चांगलं आहे तुझं, उगाच झाकून ठेवतोस. ती आली की म्हणायचं, भेटून आनंद झाला. पुढचं मी बघते."

अकराच्या सुमारास दार उघडलं आणि उघडंच राहिलं. मुलीच्या कामावरची माणसं आली, त्यांच्या सासवा आल्या, सासवांच्या मैत्रिणी आल्या. फुकट म्हटल्यावर चांगल्या डोळ्यांनाही अंधारी येते. बाकं भरली तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मुलगी या सगळ्यांच्या मागे कुठेतरी होती आणि आत्याला पुढे सरकता येत नव्हतं.

डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेला म्हणजे डॉक्टरच, असं समजून मुलीच्या कामावरचा मिशाळ ड्रायव्हर भाच्यासमोर जाऊन बसला. भाच्याला समोर एक निळसर आकृती दिसली. तो लाजला.

"भेटून आनंद झाला," तो हळूच म्हणाला. "आत्या तुमच्याबद्दल फार चांगलं बोलते."

"माझ्याबद्दल?" ड्रायव्हर म्हणाला. "काय बोलते?"

आवाज ऐकून भाच्याला घाम फुटला. पण मुलीच्या आवाजावर जाऊ नये, स्वभाव महत्त्वाचा, असं मनाशी म्हणून त्याने विचारलं, "तुम्हाला स्वयंपाकाची आवड आहे का? नसली तरी चालेल. मी करतो."

ड्रायव्हरने खुर्ची जरा मागे घेतली. नेमके तेव्हाच डॉक्टर दारात आले. फ्रेमांचं घाऊक दुकान बंद होतं.

"ही गर्दी कसली?"

"मोफत तपासणी," कोपऱ्यातली एक सासू म्हणाली. "रांगेतून या हो."

"कुणी ठेवली मोफत तपासणी? आणि माझ्या खुर्चीत हा कोण?"

आत्या सारवासारव करायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाचा काकुळतीला येऊन म्हणाला, "आत्या, यातली ती लग्नाची मुलगी कुठली, ते एकदा सांग ना."

गर्दीतून वाट काढत मुलगी पुढे आली.

"म्हणजे यासाठी फोन केला होता?" तिने विचारलं. "मी फोन चष्म्यासाठी दिला होता."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच," आत्या म्हणाली. "आणि फोन, पत्ता, वय, यात एवढं काय लपवण्यासारखं असतं? वय तर कुणालाही विचारलं की सांगतं माणूस."

मुलीने काउंटरवर हात टेकले. "मी पलीकडच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये असते, आतल्या खोलीत. तुम्ही साखर तपासायला येता ना? तुमचे रिपोर्ट मीच छापते. वर नाव, आणि नावापुढे..."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. लॅबमध्ये तिने खरं सांगितलं होतं. रक्ताशी कशाला खोटं बोला, म्हणून. आता तिला काउंटर दिसेना, डॉक्टर दिसेनात, फक्त घरची भिंत दिसू लागली.

"नावापुढे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते त्यांना विचारा," मुलगी म्हणाली. "लॅबमधलं मी बाहेर बोलत नाही. तिथे माणसं विश्वासाने सांगतात."

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. आत्या चष्मे पुसायचं फडकं हातात घेऊन स्वतःचेच डोळे पुसत होती. तिला खरोखरच लाज वाटली होती.

"चुकलं माझं," ती मुलीला म्हणाली. "पुन्हा नाही करणार."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरला कुलूप घातलं आणि त्याचा परवलीचा शब्द स्वतःकडे ठेवला. जमलेल्यांना परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून सगळ्यांचे डोळे तपासले. आत्या मुकाट्याने एकेकाला पुढे सोडत होती. कुणाला वय विचारायची वेळ आली की ती भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत राही. भाच्याला चष्मा परत मिळाला आणि तो पाणी देत फिरला. मुलीलाही दिलं, दोनदा.

संध्याकाळी दुकान आवरताना भाच्याचा फोन वाजला. तो कोपऱ्यात जाऊन बोलला, हसला आणि परत आला.

"कोण होतं रे?"

"तीच. उद्या भेटतोय आम्ही."

"तुझा नंबर तिला कुठून मिळाला?" आत्याने घाबरून कुलूप लावलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"मी दिला. तिचा मागितला, तिने दिला."

असाही मार्ग असतो, हे आत्याला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ती त्याच्याजवळ सरकली. "काय म्हणाली मग? घरी कोण कोण असतं? शिकलीय किती?"

"ते मी नाही सांगणार," भाचा म्हणाला. "पण आत्या, तुझं खरं वय काय गं? मी तिला खोदून खोदून विचारलं. तीही सांगत नाही."

आतल्या खोलीत डॉक्टर आवराआवर करत होते, तो आवाज एकदम थांबला.

"छप्पन्न," आत्या मोठ्याने म्हणाली आणि पर्स काखोटीला मारून चालू लागली.