बाबा जिवंत आहेत, तातडीचं

दुपारी बाबांचा फोन आला तेव्हा ती जेवणाचा डबा उघडत होती.

"पोरी, हॉस्पिटलचा मेसेज आलाय. माझ्या निधनाचं त्यांना फार वाईट वाटतंय, आणि परवाचं डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलंय म्हणे. एवढं वाईट वाटतंय तर रद्द कशाला करायचं?"

डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं. त्याच हॉस्पिटलच्या नोंदींचं सॉफ्टवेअर तपासणं हे तिचं काम. रोज खोटे रुग्ण भरायचे; नावं सुचेनाशी झाली की सगळे टेस्टर घरच्यांची भरत. सकाळी तिने बाबांना खऱ्या जन्मतारखेसकट दाखल केलं होतं आणि माणूस गेल्यावर त्याच्या तारखा रद्द होतात का, ते बघायला अकराच्या सुमारास मारलं होतं. झाल्या होत्या. तिने समाधानाने 'ठीक' लिहिलंही होतं.

खोट्या नोंदी खऱ्या हॉस्पिटलात झिरपतात, हा दोष तिनेच तीन आठवड्यांपूर्वी लिहून दिला होता. 'माझ्याकडे होत नाही,' असं लिहून प्रोग्रामरने तो मिटवला. तिने उघडला, त्याने मिटवला. असं सात वेळा. खुर्च्या पाठीला पाठ लावून, पण तोंडी बोललेलं नंतर कुणी कबूल करत नाही म्हणून साहेबांचं फर्मान होतं: सगळं लेखी. दोघं एकमेकांच्या शिंका ऐकत आणि एकमेकांना पत्रं लिहीत.

आताही तिने लिहिलं, 'बाबा जिवंत आहेत. तातडीचं.'

मागे कीबोर्ड वाजला. 'पुरावा जोडा.'

तिने आजचं वर्तमानपत्र हातात धरलेले बाबा फोटोत मागवले आणि जोडले. उत्तर आलं, 'मयतास जिवंत करणे मूळ मागणीत नाही. हा दोष नसून नवीन काम आहे. साहेबांची मंजुरी लागेल.' साहेब आठवडाभर रजेवर. बाबांचा एक डोळा आधीच गेलेला, आणि दुसऱ्यासाठी ही तारीख मिळायला चार महिने लागले होते.

तिने खुर्ची फिरवली. "अहो, माझे वडील आंधळे होतील."

तो दचकून वळला. "खरे वडील? मला वाटलं, टेस्टमधले."

"टेस्टमधले पेपर धरून उभे राहतात का?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मंजुरी गेली खड्ड्यात म्हणत त्याने घाईघाईने आज्ञा लिहिली: मयत असतील त्यांना जिवंत कर. बाबा उठले, ऑपरेशनही परत आलं. फक्त 'आजचे' हा शब्द घाईत राहून गेला होता. बाबांच्या मागोमाग हॉस्पिटलात आजवर गेलेली चार हजार माणसं उठली, आणि प्रत्येकाच्या घरी तपासणीचे मेसेज निघाले.

प्रोग्रामरचा फोन टेबलावर थरथरला. त्याने वाचलं आणि स्क्रीन तिच्याकडे केली. 'आपल्या आईंची तपासणी सोमवारी सकाळी नऊ वाजता. सोबत एका नातेवाइकाने यावे.'

"कधी गेल्या?"

"वर्ष होईल आता."

मग तिने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी लावली, आणि रात्री उशिरापर्यंत दोघांनी मिळून एकेकाचं नाव वाचत चार हजार माणसं पुन्हा मारली. बाबा आणि आणखी एक सोडून.