मावशीच्या फडक्यातले जंतू

"फडकं बघूनच पोट भरलं बुवा!" कोपऱ्यातला शिंपी पुटपुटला आणि अर्धं ताट सारून उठला.

शेजारच्या टेबलावर भाचीने मान वहीत खुपसली. खाणावळ मावशीची, फडकं मावशीचं, आणि त्या फडक्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणारा लेख मात्र भाचीचा!

तिचा बेत केवढा मोठा! शिकत होती सूक्ष्मजीवशास्त्र. सामान्य वाचकांसाठी बारा लेख, मग त्यांचं पुस्तक. "विज्ञान मी घराघरांत नेणार!" ती सांगत फिरायची. नेलं ते पहिल्यांदा थेट मावशीच्याच घरात. जंतू वाढवायच्या काचेच्या एका बशीत खाणावळीचं फडकं टेकवलं, तुलनेसाठी दुसरीत स्वतःची धुतलेली बोटं. तीन दिवसांनी 'हात' नावाची बशी लख्ख आणि 'फडकं' नावाचीत जंतूंचं संमेलन! साप्ताहिकात फोटोसकट लेख आला, 'एका मावशींच्या खाणावळीतलं फडकं'. नाव छापलं नाही, एवढी सभ्यता तिने पाळली. त्या गल्लीत खाणावळवाली मावशी एकच होती, तिथेच सगळा घोळ झाला!

गिऱ्हाईकं पांगली. रोज एकदा उकळायचं ते फडकं मावशी आता पाचदा उकळू लागली, बिचाऱ्याचा रंगच उडाला! भाचीची आई फोनवर काहीतरी म्हणता म्हणता हवापाण्यावर घसरली. असंच चाललं तर महिनाअखेर चूल बंद, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

सोमवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले काका बश्या धुवायला घेताना थबकले.

"ताई, नावं झाकणांवर लिहिलीत?"

"हो. का?"

"फोटोला दोन्ही झाकणं एकदमच काढलीत?"

"काढली की!"

"अशीच झाकणं बदलतात, म्हणून मी बश्या आल्या त्याच दिवशी तळालाही नाव लिहून ठेवतो. तुम्हा पोरांचा काय भरवसा!"

त्यांनी बश्या उलट्या केल्या. संमेलनाच्या तळाशी लिहिलं होतं 'हात'. लख्ख बशीखाली 'फडकं'.

भाचीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुपारी ती खाणावळीत पोचली तेव्हा जेवायला जेमतेम तिघं. शिंपी फडक्याकडे पाठ करून बसलेला. तिने चुलीपाशी जाऊन मावशीच्या कानात सगळं सांगितलं, मग घसा खाकरला.

"मंडळी, नमुन्यांच्या आवरणांची अदलाबदल झाल्याने तुलनात्मक निष्कर्षांचा विपर्यास..."

"अरे देवा, फडक्यात अजून काही सापडलं?" शिंपी ताडकन उठला.

"नाही हो! तुलनेच्या नमुन्यातील जंतूंच्या वसाहतींचा उगम हा..."

"वसाहती?" दुसऱ्यानेही ताट सारलं. तिसरा चपला शोधू लागला!

भाचीचे कान लालबुंद झाले. तिने भरल्या डोळ्यांनी मावशीकडे पाहिलं.

मावशीने डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि दारात आडवी उभी राहिली.

"बसा हो सगळे! फडकं स्वच्छच होतं. घाण हात होते हिचे. पोरगी लहानपणापासून हात नुसते ओले करते, धूत नाही!"