रुसायची जागा

"बाकी सगळं राहू द्या. यात रुसायची जागा कुठं आहे?"

साळवेकाकांनी हे विचारलं तेव्हा फ्लॅट दाखवणारी मुलगी स्वयंपाकघरातले ड्रॉवर उघडमीट करून दाखवत होती. तिचा हात ड्रॉवरमध्येच राहिला. जरा विचार करून ती म्हणाली, "सर, तसं वेगळं काही नाहीये, पण क्लब हाउस आहे."

"रुसलेला माणूस टेबल टेनिस खेळतो का?" काका म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

कर्वेनगरच्या ज्या सोसायटीत आम्ही भाड्यानं राहतो, तिथं आमच्या वरच्याच मजल्यावर काकांचं घर. सरकारी खात्यात इमारतींचे नकाशे काढता काढता ते निवृत्त झाले. काकू जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून एकटेच असतात. सोसायटीतलं कुठलंही जोडपं घर बघायला निघालं, की काका बरोबर असतात. बोलवावं लागत नाही. जिन्यात कुणी 'टू बीएचके' एवढं पुटपुटलं, तरी चपला घालून खाली हजर.

कार्पेट एरिया, पार्किंग, पूर्व-पश्चिम यात त्यांना काडीचा रस नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरले की ते पिशवीतून वर्तमानपत्र काढतात, जमिनीवर अंथरतात, नवराबायकोला त्यावर बसवतात आणि म्हणतात, "हं, भांडा."

लोक लाजतात. मग काका धीर देतात, "एखादं जुनं काढा. नवीन जुळवायला फार वेळ जातो."

तिसऱ्या मजल्यावरच्या निकमांनी गंमत म्हणून सुरुवात केली, ती थेट लग्नातल्या मानपानापर्यंत गेली. निकमवहिनी तणतणत ड्राय बाल्कनीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काका खूश. "उत्तम! वारा आहे, आडोसा आहे, नवऱ्याचं तोंड दिसत नाही. घेऊन टाका." निकमांनी खरंच घेतला, आणि वास्तुशांतीला काकांना आग्रह करकरून वाढलं. बेडरूम मात्र काका हिशेबात धरत नाहीत. "ज्याच्यावर रुसलो, त्याच्याच उशीला उशी लावायची? काहीतरीच!"

वाघोलीचा हा फ्लॅट मी शोधला होता. माझं ऑफिस तिथून पंधरा मिनिटांवर. मुक्ता, म्हणजे माझी बायको, कर्वेनगरातच कॉलेजात शिकवते, पण मी पडलो इंजिनियर. मी रीतसर एक्सेल शीट केली होती. त्यात आमच्या दोघांच्या नावाचे रकाने होते, प्रत्येकानं घराला दहापैकी गुण द्यायचे होते, आणि तिच्या रकान्यातले गुणही मीच भरले होते. तिचा वेळ वाचावा म्हणून. त्या रविवारी बुकिंगच्या फॉर्मवर सही करायची, एवढंच बाकी होतं.

काकांनी वर्तमानपत्र अंथरलं. मुक्ता बसलीच नाही. खिडकीतून खालचा ट्रॅफिक बघत ती म्हणाली, "छान आहे."

"बघा काका, भांडणच नाही!" मी म्हणालो आणि पेन काढलं.

काकांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "आज सही नाही."

"अहो, पण ती छान म्हणाली ना?"

"म्हणूनच," ते म्हणाले.

परत येताना गाडीत काका माझ्या शेजारी बसले होते, मुक्ता मागे. काका इतका वेळ गप्प राहिलेले मी कधीच पाहिले नव्हते, त्यामुळे मला रेडिओ लावायचाही धीर होईना. येरवड्याच्या सिग्नलला ते आपणहून बोलायला लागले.

"आमचं घर मी सिंधूला न सांगता घेतलं. लग्नाच्या वाढदिवसाला किल्ली हातात ठेवली. जन्मभर घरांचे नकाशे काढलेले, मला नाही कळणार तर कुणाला कळणार? ती सगळ्या खोल्यांतून फिरली आणि म्हणाली, छान आहे. पुढची पंचवीस वर्षं तेवढंच म्हणत राहिली."

समोरच्या लाल दिव्याकडे बघत ते म्हणाले, "वाईट वाटलं की ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची आणि नळ सोडून ठेवायची. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून. आणि मी बाहेरून दार वाजवायचो, पाणी वाया जातंय म्हणून."

सिग्नल सुटला, मागच्यांचे हॉर्न सुरू झाले, तरी मला गिअर टाकायचं सुचेना. काकांसाठी वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त मला माझीच भीती वाटली.

"मुक्ता," मी आरशात बघत विचारलं, "तुला नकोय का ते घर?"

ती जी सुरू झाली ती डेक्कनपर्यंत थांबली नाही. रोज येऊन-जाऊन तीन तासांचा प्रवास, चौदाव्या मजल्यावर ओळखीचं कुणी नाही, आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या नावावर दिलेले दहापैकी नऊ. "नऊ! दहा तरी द्यायचे होतेस!" तिचा आवाज चढला, मग माझाही चढला. गरवारे पुलाशी आम्ही दोघं चक्क ओरडत होतो, आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं मान काढून बघितलं.

तेव्हा कुठं मला काकांची आठवण झाली. ते मान खाली घालून बसले होते.

"सॉरी काका," मी म्हणालो, "घरी पोचतोच आता."

त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

"घाई नको," ते म्हणाले. "लांबून घ्या गाडी. तिचं अजून सगळं सांगून झालेलं नाही."